पेरूने कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का?

अबोली_ठाणे | १४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. वय ४६. एकूण कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १५८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२. साखर, थायरॉइड, बीपी ठीक. डॉक्टर म्हणाल्या, तीन महिने खाणं सुधारा, चाला, मग गोळीचं बघू. खाणं सुधारा म्हणजे नक्की काय, ते त्यांनी "तळण कमी, फळं जास्त" एवढ्यावर उरकलं. बाहेर बावीस पेशंट बसले होते, त्यांचाही दोष नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं: रोज एक पेरू, सालीसकट. जाऊबाई म्हणतात पेरूने पोट धरतं, सफरचंद खा. ऑफिसातली मैत्रीण म्हणते ज्यूस कर, लवकर लागू पडतं. मला एक साधी गोष्ट कळत नाहीये. फळातला चोथा पचत नाही, तो रक्तात जात नाही, हे शाळेत शिकलो. मग जो रक्तात जातच नाही तो रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी कसा करणार? कुणी नीट सांगेल का? आणि कुणाचं खरंच कमी झालंय का?

खवचट_आजोबा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५२

पेरूने कोलेस्टेरॉल उतरत असतं तर आमच्या गच्चीवरचा पोपट अजून शंभर वर्षं जगला असता. (हलके घ्या.)

कढीपत्ता | १४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

वाचतेय. माझंही १५०च्या वर आहे आणि मी फरसाण सोडायला तयार नाही.

पिपेट | १४ नोव्हेंबर, रात्री ११.१८

अबोली ताई, प्रश्न फार नेमका विचारलात. मी जीवरसायन शिकवतो, वर्गात हाच प्रश्न दरवर्षी एखादी मुलगी विचारते आणि मुलगे माना डोलवत बसतात.

चोथा रक्तात जात नाही हे बरोबर. तो आतड्यातच काम उरकतो. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताचे क्षार तयार करतं. जेवणातली चरबी पचवायला ते आतड्यात येतात, आणि काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला त्यातले जवळजवळ ९५ टक्के परत शोषले जाऊन यकृताकडे जातात. दिवसभरात अशा कितीतरी फेऱ्या होतात. थोडक्यात, यकृत हा काटकसरी संसार आहे, दुधाच्या पिशव्या धुऊन परत वापरणारा.

आता फळात दोन प्रकारचा चोथा असतो. एक पाण्यात न विरघळणारा, म्हणजे साल, दोरे, बियांचं टरफल. तो मळाला आकार देतो, पुढे ढकलतो. दुसरा विरघळणारा, म्हणजे मुख्यतः पेक्टिन. तो पाणी धरून बुळबुळीत, घट्टसर होतो आणि त्या गिलाव्यात पित्ताचे क्षार अडकतात. ते परत शोषले न जाता शौचावाटे बाहेर पडतात. पिशवी हरवली की नवी आणावी लागते. यकृताला नवे क्षार बनवायला कोलेस्टेरॉल हवं, ते ते रक्तातल्या एलडीएलमधून उचलतं. रक्तातला आकडा उतरतो तो असा.

हे नुसतं पुस्तकी नाही. कोलेस्टिरामिन नावाचं जुनं औषध अगदी हेच करतं, पित्ताचे क्षार पकडून बाहेर काढतं. पेक्टिन त्याचा गरीब चुलतभाऊ.

गरीब का, तर आकडा ऐका. १९९९ मध्ये ६७ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. ओट्स, इसबगोल, पेक्टिन आणि गवारीच्या बियांचा डिंक, सगळ्यांचा. निघालं काय? विरघळणारा चोथा रोज १ ग्रॅम वाढवला तर एलडीएल साधारण २ अंकांनी उतरतो. एका मोठ्या पेरूत एकूण चोथा ८-१० ग्रॅम, पण विरघळणारा फार तर दीडदोन. करा गुणाकार.

शंकासुर | १४ नोव्हेंबर, रात्री ११.३१

म्हणजे एका पेरूला ३-४ अंक. १५८चे १५४. सासूबाईंना सांगू नका.

मांडवी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

पिपेट सरांनी 'गिलावा' म्हटलं आणि मला आमच्या घरची पेराद आठवली. गोंयात नाताळाला करतात, पेरूची घट्ट वडी. माझी शेजारीण, तिला आम्ही तिया म्हणतो, अजून चुलीवर करते. पेरू उकडायचे, बिया काढून टाकायला चाळणीतून घासायचे, तो गर आणि साखर एकत्र ढवळत बसायचं. दोन तास. हात दुखून येतो. गर सुरुवातीला पळीवरून पाण्यासारखा ओघळतो, मग हळूहळू पळीच्या टोकाशी लोंबायला लागतो, आणि एक वेळ अशी येते की कढईच्या बुडावरून पळी ओढली की मागे वाट उरते, मिटत नाही. तिया म्हणते, "आता जालें." ताटात ओतलं की तासाभरात सुरीने कापता येतं. त्यात जिलेटिन नाही, आगरआगर नाही, काहीच नाही. नुसतं पेरूतलं पेक्टिन, साखर आणि थोडं लिंबू.

तिया पेरादीसाठी कधीही पिकलेले पेरू घेत नाही. अर्धे कच्चे लागतात. पिकले की पेक्टिन सुटतं आणि वडी बसतच नाही. म्हणजे कोलेस्टेरॉलसाठीही करकरीत पेरूच बरा का?

(पेराद खाऊन कोलेस्टेरॉल उतरेल असा कुणी अर्थ काढू नये, त्यात पेरूइतकीच साखर असते!)

पिपेट | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

मांडवी, पुढच्या वर्षी वर्गात हेच उदाहरण वापरणार, परवानगी गृहीत धरतो. पिकताना फळातली विकरं (एन्झाइम) पेक्टिनच्या लांब साखळ्या तोडतात, म्हणून फळ मऊ पडतं. गाभुळलेल्या फळात साखळ्या लांब असतात, जास्त घट्ट बांधतात. कवठाचंही तसंच, जेली कवठाची उत्तम बसते.

निसर्गवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

इथे कुणी मुरादाबादच्या अभ्यासाबद्दल बोलत नाही याचं नवल वाटतं. १९९२ साली प्रसिद्ध झाला. १२० रक्तदाबाचे रुग्ण, १२ आठवडे पेरू, आणि एकूण कोलेस्टेरॉल जवळजवळ १० टक्क्यांनी कमी, एचडीएल ८ टक्क्यांनी जास्त, बीपीही उतरलं. आपल्याच मातीतलं फळ, आपल्याच देशातलं संशोधन. पण आपल्याला रसायनांच्या गोळ्या हव्यात.

शंकासुर | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

निसर्गवेडा, अभ्यास मीही वाचलाय. दोन गोष्टी. एक, त्याच संशोधकांच्या पुढच्या वर्षीच्या पेरूच्या लेखात रोजची मात्रा अर्धा ते एक किलो आहे. एक किलो! सासूबाई 'एक पेरू' म्हणाल्या होत्या. दोन, त्याच गटाचा १९९२ सालचा हृदयविकाराच्या आहाराचा प्रयोग ज्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता, त्यानेच २००५ मध्ये त्याबद्दल जाहीर शंका व्यक्त केली. ती शंका पेरूच्या लेखाबद्दल नव्हती, मान्य. पण मी तरी त्या १० टक्क्यांवर घर बांधणार नाही.

त्यापेक्षा इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचा सफरचंदाचा प्रयोग बघा. ४० माणसं, आठ आठवडे रोज दोन सफरचंदं, आणि त्याच माणसांना आठ आठवडे तितक्याच साखरेचं सफरचंदाचं पेय. सफरचंदाच्या काळात एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ९ अंकांनी कमी. फार नाही, पण विश्वास बसेल इतकंच आहे, म्हणून बसतो.

खवचट_आजोबा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२.०३

एक किलो पेरू खाल्ल्यावर माणूस दुसरं काही खाऊच शकत नाही. कोलेस्टेरॉल उतरणारच. उपासाचं श्रेय पेरूला.

शंकासुर | १५ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

आजोबा, थट्टेत खरं बोललात. आहाराच्या प्रयोगांतली हीच मोठी गोची असते.

बहार_धरलाय | १५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

राहात्याहून लिहितोय. दोन एकर पेरू आहे, सरदार. जुने लोक एल-४९ म्हणतात, लखनौ-४९. गंमत म्हणजे नाव लखनौचं, निवड पुण्यात गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रावर झालेली, १९२७ साली.

तुम्ही सगळे पेरू-पेरू करताय, पण कोणता आणि कधीचा ते बघा. आमच्याकडे मृग बहार धरतात, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा, त्याची फळं आता नोव्हेंबर ते जानेवारी. थंडी पडली की फळाला गोडी आणि घट्टपणा येतो. पावसाळ्यात जो पेरू येतो तो पांचट, आणि फळमाशीच्या अळ्या आत. आता बाजारात मोठमोठे पेरू दिसतात, फोमच्या जाळीत, अर्धा किलोचा एक. बिया कमी, गर जास्त, दिसायला देखणा. चवीला माझं मत विचारू नका, मी सरदारवाला आहे.

आमची म्हातारी सांगायची पेरू जेवणाआधी खावा, जेवणावर खाल्ला की पोट गच्च होतं. शास्त्र काय ते सर सांगतील.

कढीपत्ता | १५ नोव्हेंबर, रात्री ८.५१

लखनौचा पेरू पुण्यात जन्मला?! पुणेकरांना कळलं का हे? आता पाटी लागणार.

खवचट_आजोबा | १५ नोव्हेंबर, रात्री ८.५८

कळलंय. पाटी तयार आहे: "पेरू मूळचा इथलाच. चौकशी करू नये."

हर्षू_२२ | १६ नोव्हेंबर, रात्री १२.४०

मला इथे माझी करुण कहाणी सांगायची आहे. हॉस्टेलवर असताना पोट साफ होत नव्हतं. कुणीतरी म्हणालं फायबर वाढव. मी रविवारी गाडीवरून किलोभर पेरू आणले आणि मीठ-तिखट लावून दुपारी चार पेरू बसल्या बैठकीला संपवले. रात्री पोट असं फुगलं की आडवं होता येईना. रूममेट खिडकी उघडून बसला, जानेवारी महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ? अजिबात नाही! तिसऱ्या दिवशी. कसं ते सांगत नाही.

तेव्हापासून पेरूचा वास आला तरी मी बाजूला होतो.

फुरसतीतला_डॉक्टर | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

हर्षू, तुझ्यासारखे आठवड्याला दोन येतात. चोथा लहान आतड्यात पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला खाद्य म्हणून चांगली. पण त्याच आंबण्यातून वायूही निघतो. जिवाणूंना सवय नसताना एकदम चार पेरूंची मेजवानी दिली की ते असंच साजरं करतात. आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं आणि पाणी वाढवायचं. पाणी न वाढवता नुसता चोथा वाढवला की तो आत जाऊन मळ आणखी कडक करतो. अबोलीच्या जाऊबाई "पेरूने पोट धरतं" म्हणतात, त्यांचा अनुभव खोटा नाही. बहुतेक पाण्याचा प्रश्न आहे, आणि बियाही भरपूर.

आता एक गंभीर मुद्दा, फळांच्या नादात राहून जाईल म्हणून आत्ताच लिहितो. कोकण-गोव्यातल्या मंडळींसाठी खास. पपनस. गणपतीत माटवीला टांगतो, विसर्जनानंतर घरोघरी सोलून खातो. ग्रेपफ्रूट हे त्याचंच भावंड. या दोन्हींत फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. आपल्या आतड्याच्या भिंतीत काही औषधं मोडणारं एक विकर असतं, त्याला ही द्रव्यं निकामी करतात. मग औषध नेहमीपेक्षा जास्त रक्तात शिरतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी सिम्व्हास्टॅटिनबाबत हे जास्त, ॲटोर्व्हास्टॅटिनबाबत कमी पण आहे, रोसुव्हास्टॅटिनला विशेष फरक पडत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनाही लागू. आणि "गोळी रात्री, पपनस सकाळी" ही युक्ती चालत नाही, कारण विकर पुन्हा तयार व्हायला एक-दोन दिवस लागतात. दोन फाकांनी काही होणार नाही. पण रोज अख्खं पपनस खाणार असाल तर आपली गोळी कुठली ते डॉक्टरांना विचारा.

हे कळलं ते योगायोगाने. कॅनडात १९८९ च्या सुमारास डेव्हिड बेली नावाचे संशोधक बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते पाहत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषधाचं रक्तातलं प्रमाण कैक पट निघालं आणि आरोप दारूवरून रसावर गेला.

मांडवी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

बापरे. आमचे बाबा चतुर्थीनंतर आठ दिवस पपनसावरच असतात, साखर आणि किसलेलं खोबरं घालून. आजच त्यांच्या गोळीचं पान बघते.

मांडवी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.५५

रोसुव्हास्टॅटिन निघाली. बाबा म्हणाले, "म्हणजे खाऊं?" म्हटलं खा.

निसर्गवेडा | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

डॉक्टर, तुम्ही फळाला घाबरवताय, गोळीला नाही. फळ नैसर्गिक आहे. गोळी कृत्रिम.

पिपेट | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

निसर्गवेडा, पहिलं स्टॅटिन (डॉक्टरांनी वर नावं घेतली त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं कूळ) जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात बुरशीत सापडलं. पेनिसिलियम सिट्रिनम. लिंबू-संत्र्यावर जी निळसर-हिरवी बुरशी येते, तिच्याच गोतावळ्यातली. याहून नैसर्गिक काय हवं? आणि डॉक्टरांनी सांगितलेली पपनसातली द्रव्यंही नैसर्गिकच आहेत.

कढीपत्ता | १६ नोव्हेंबर, दुपारी १.००

म्हणजे माझ्या फ्रिजमधल्या त्या विसरलेल्या लिंबाला टाकायला नको होतं...

फुरसतीतला_डॉक्टर | १६ नोव्हेंबर, दुपारी १.२०

टाका ताई. टाकाच.

टोरांटोकर | १७ नोव्हेंबर, पहाटे ४.०५

उशिरा आलो. पेरूवरून भांडण चाललंय पण मुळात एकच फळ का पकडून बसलोय? आमच्या गावातलाच प्रयोग सांगतो. २००३ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने ४६ जणांना तीन भागांत विभागलं. एका गटाला कमी चरबीचा साधा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि स्टॅटिन, तिसऱ्याला एक ठरवून जुळवलेला आहार. चार आठवड्यांनी एलडीएल पहिल्या गटात ८ टक्के, स्टॅटिनवाल्यांत ३०.९ टक्के, आणि आहारवाल्यांत २८.६ टक्के उतरलं. गोळीच्या जवळपास!

तो आहार कसला होता? ओट्स, जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पतीतली स्टेरॉल घातलेलं मार्जरीन (तेलापासून केलेलं लोण्यासारखं). आणि भाज्यांत मुद्दाम निवडलेल्या दोन: भेंडी आणि वांगं. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत बसून हसलो. लहानपणी आईने केलेली भेंडी "तार सुटते" म्हणून मी ताटाबाहेर ढकलायचो. ती तार म्हणजेच विरघळणारा चोथा, पिपेट सरांचा गिलावा.

पण पुढचंही सांगायला हवं. २०११ मध्ये त्याच आहाराचा सल्ला घरी राहणाऱ्या लोकांना देऊन सहा महिने पाहिलं, तेव्हा घट १३ टक्क्यांच्या आसपास आली. चार आठवडे कुणी तयार डबा दिला तर जमतं. स्वतःचं स्वतः करायचं म्हटलं की माणूस शुक्रवारी पिझ्झा मागवतो. मीही.

कढीपत्ता | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

भेंडीची तार जाऊ नये म्हणून आम्ही आमसूल, ताक, चिंच काय काय घालतो. आता तार ठेवायची?

पिपेट | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

आमसूल घाला हो. आंबटाने तार कमी होते ती हाताला, चोथा ताटातून पळून जात नाही.

बहार_धरलाय | १७ नोव्हेंबर, रात्री ९.००

वनस्पतीतली स्टेरॉल म्हणजे काय? फवारणीत येतं का काही?

पिपेट | १७ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नाही नाही. जसं प्राण्यांत कोलेस्टेरॉल, तसं झाडांत फायटोस्टेरॉल. चेहरेपट्टी इतकी सारखी की आतड्यात शोषलं जाताना दोघांची रेटारेटी होते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चवथी सीट मागणाऱ्यासारखं. झाडाचं स्टेरॉल जागा अडवतं, आपलं शरीर त्याला फारसं आत घेत नाही, पण त्या गडबडीत कोलेस्टेरॉलही बाहेर राहतं. रोज २ ग्रॅम गेलं तर एलडीएल ८-१० टक्के उतरतो. अडचण ही की फळांतून एवढं मिळत नाही. सर्वांत श्रीमंत म्हणतात ते अवोकाडो, त्यातही १०० ग्रॅममध्ये ग्रॅमचा दहावा भागसुद्धा नाही. तीळ, शेंगदाणे, बदाम, तेलं यांतून बरं मिळतं. म्हणून ते मार्जरीनमध्ये वरून घालावं लागतं.

अबोली_ठाणे | १८ नोव्हेंबर, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. एवढं कळलं: पेरू खायचा, पण एकट्या पेरूवर भरवसा नको. सकाळी ओट्स किंवा जवाचं पीठ, आठवड्यात तीन वेळा भेंडी, मूठभर बदाम, एक करकरीत पेरू दुपारच्या जेवणाआधी. मैत्रिणीच्या ज्यूसचं काय?

शंकासुर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.२२

ज्यूस म्हणजे चोथा गाळून साखर ठेवली. तुमचं ट्रायग्लिसराइड १९० आहे. मुळीच नको.

फुरसतीतला_डॉक्टर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.५०

शंकासुराशी सहमत, हा क्षण नोंदवून ठेवा. इसबगोल घेणार असाल तर पेलाभर पाण्यातून, आणि इतर गोळ्यांच्या आसपास नको. माझ्या घरीच एकाने दोन घोट पाण्यावर चमचाभर भुसा टाकला आणि तो घशातच फुगून बसला. मी डॉक्टर असून! (म्हणजे, तो एक मीच.)

हर्षू_२२ | १८ नोव्हेंबर, रात्री ११.००

डॉक्टर :D :D

मांडवी | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

अवांतर होईल पण विचारते. माझ्या मुलाला जुलाब झाले की आजी उकडलेलं कच्चं केळं आणि भात भरवायची. बद्धकोष्ठाला फळ, जुलाबालाही फळ. हे कसं?

पिपेट | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

अवांतर अजिबात नाही. पेक्टिन पाणी धरून ठेवतं. मळ कोरडा असेल तर ओलावतो, पातळ असेल तर आवळतो. कच्च्या केळ्यात शिवाय न पचणारा स्टार्च असतो, तो मोठ्या आतड्यात जाऊन वर सांगितलेली छोटी आम्लं देतो, आणि ती पाणी-मीठ शोषायला मदत करतात. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात २००१ च्या सुमारास मुलांवर हेच पाहिलं: भाताबरोबर शिजवलेलं हिरवं केळं किंवा पेक्टिन दिलेल्या मुलांचे रेंगाळलेले जुलाब लवकर थांबले. आजीने अभ्यास छापला नाही एवढंच. अर्थात मुलांच्या जुलाबात आधी जलसंजीवनी, मग केळं.

निसर्गवेडा | १९ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

आजीला गुण दिलेत, बरं वाटलं. कोकमाच्या कॅप्सूलबद्दल काय मत? वजन आणि चरबी दोन्ही कमी होतात म्हणे.

फुरसतीतला_डॉक्टर | १९ नोव्हेंबर, दुपारी २.४०

सोलकढी प्या, खुशाल. कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. कोकमाच्या कुळातल्या फळांतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरमसाट मात्रेत भरून विकतात. वजनावर परिणाम नगण्य, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. आमसुलाच्या चार पाकळ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

खवचट_आजोबा | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

धागा पेरूवरून सुरू झाला, पपनस, भेंडी, केळं करत आता सोलकढीवर आला. जेवणाची वेळ झाली. झोपतो.

कढीपत्ता | ६ जानेवारी, सकाळी ११.२०

धागा वर काढते. अबोली ताई, काय झालं मग?

अबोली_ठाणे | १९ फेब्रुवारी, रात्री ८.४५

माफ करा, उशीर झाला. काल रिपोर्ट आला. एकूण २१४, एलडीएल १४१, ट्रायग्लिसराइड १४८, एचडीएल ४३.

पेरूचं श्रेय किती ते देव जाणे. प्रामाणिकपणे सांगते, पेरू आठवड्यात पाचच दिवस झाला. जवाची भाकरी दोनदा केली, घरात कुणी खाल्ली नाही, मग गव्हाच्या पिठात मिसळली. भेंडी मात्र नेमाने. संध्याकाळी तलावपाळीला पाऊण तास चालणं, आणि चहाबरोबरची खारी बंद. वजन तीन किलो उतरलं. शंकासुर म्हणतील यातल्या कशाने काय झालं ते सांगता येणार नाही, आणि बरोबर म्हणतील.

पोटाचं मात्र लगेच कळलं. पहिले दहा दिवस हर्षूसारखी अवस्था, त्यानंतर सकाळची ती जुनी कटकट संपली. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला, १४१ वर बोट ठेवून म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं!" मी गप्प बसले. भेंडीचं नाव काढलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास नाही, साखर नाही, तर आणखी तीन महिने असंच चालू ठेवा, गोळी तेव्हा बघू.

शंकासुर | १९ फेब्रुवारी, रात्री ९.०५

सांगता येणार नाही. अभिनंदन!

फुरसतीतला_डॉक्टर | १९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

११ टक्के घट, औषधाशिवाय. टोरांटोकरांच्या १३ टक्क्यांच्या जवळ आलात. छान. वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांना आधीच गोळी चालू आहे, अटॅक येऊन गेलाय, मधुमेह आहे किंवा एलडीएल १९०च्या वर आहे, त्यांनी हे वाचून गोळी थांबवू नये. पेरू गोळीबरोबर खा.

बहार_धरलाय | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

ताई, अभिनंदन. पण मृग बहार संपत आला. आमच्याकडे शेवटचे तोडे चाललेत, पुढच्या पंधरवड्यात सरदार बाजारात दिसायचा नाही. हस्त बहाराचा (ऑक्टोबरच्या फुलोऱ्याचा) थोडा माल येईल, महाग असेल. मार्चनंतर काय खाणार?

अबोली_ठाणे | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१८

हापूस?

फुरसतीतला_डॉक्टर | १९ फेब्रुवारी, रात्री १०.२०

एक. फोडी करून. आमरसाची वाटी नाही.

टोरांटोकर | २० फेब्रुवारी, पहाटे ३.५०

टेक्सासमध्ये २०१८ साली ३६ बद्धकोष्ठवाल्यांना चार आठवडे रोज ३०० ग्रॅम आंबा दिला होता, तितक्याच चोथ्याच्या पुडीपेक्षा आंब्याने जास्त आराम पडला. फक्त तो हापूस नव्हता, म्हणून मी ते संशोधन अपूर्ण मानतो.

खवचट_आजोबा | २० फेब्रुवारी, सकाळी ७.३०

पुढचा प्रयोग आम्ही करू. विषय: हापूस. मात्रा: पेटी. निधी कुणीतरी द्या.